तीन तिघाडा, काम बिघाडा? (मिनिटमेन आणि तिघांचे बँड)

रिकामी_जागा

मंडळी, हा धागा कधीपासून काढायचा होता, आज मुहूर्त लागला. तीन तिघाडा काम बिघाडा असं आपण म्हणतो खरं, पण रॉकमध्ये मला उलटंच दिसत आलंय, चार-पाच जण असले की कुणीतरी एक नुसता उभा असतो आणि तिघं असले की कुणालाच लपायला जागा नसते. गेले दोन आठवडे मिनिटमेन ऐकतोय, दुसरं काही लावतच नाहीये, त्यामुळे मत थोडं एकांगी असेल, सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॅलिफोर्नियातलं सॅन पेड्रो, लॉस एंजेलिसचं बंदर, गोदी कामगार आणि खलाशांची वस्ती. तिथले तिघं. डी. बून गिटार आणि गाणं, माइक वॉट बेस, जॉर्ज हर्ली ड्रम्स. १९८० ते १९८५, बस एवढंच आयुष्य. लोक यांना पंक म्हणतात आणि रेकॉर्ड लावली की पंक कमीच सापडतं, फंक आहे, जाझसारखं काहीतरी आहे, मधेच कंट्रीची चाल, मधेच नुसती अकूस्टिक गिटार, मधेच कोणीतरी चिठ्ठी वाचल्यासारखं बोलतोय. आणि गाणं दीड मिनिटात संपलेलं असतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं फाइलच करप्ट आहे.

मला चर्चा करायचीय ती अशी की इतक्या ठिकाणचं संगीत उचलूनही त्याचं कडबोळं का होत नाही? माझं उत्तर: माणसं कमी आहेत म्हणून. तुमचं काय?

फुकटचा_समीक्षक

कडबोळं होत नाही असं कोण म्हणालं? मी दोनदा प्रयत्न केलाय, दोन्ही वेळा वीस मिनिटांत बंद केलं. गाणं सुरू होतं, एखादी छान रिफ (गिटारची छोटी, परत परत येणारी चाल) येते, आता पुढे काहीतरी होईल असं वाटतं आणि संपलं. ही गाणी नाहीत, गाण्यांची कच्ची वही आहे. आणि सगळं थोडं थोडं येतं म्हणजे काहीच नीट येत नाही, असाही अर्थ होऊ शकतो हां.

जुनी_टेप

समीक्षक साहेब, छोटी गाणी हा आळशीपणा नव्हता, ते ठरवून केलेलं होतं. इंग्लंडच्या वायर बँडची १९७७ची पहिली रेकॉर्ड आहे, २१ गाणी जेमतेम ३५ मिनिटांत, ती या लोकांनी ऐकली आणि डोक्यात उजेड पडला की कडवं-धृपद-कडवं-सोलो हे करायलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. सांगायचं ते सांगून झालं की थांबायचं. १९८०ची पहिली ईपी (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) सात गाण्यांची आहे आणि सात मिनिटंसुद्धा पुरी होत नाहीत. १९८१च्या अल्बममध्ये १८ गाणी पंधरा मिनिटांत.

आणि यांची मुळं पंकमध्ये नव्हतीच मुळात. शाळेत असताना बून आणि वॉट क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल आणि ब्लू ऑयस्टर कल्टची गाणी बसवायचे. मग कॅप्टन बीफहार्ट हा विक्षिप्त अमेरिकन रॉक गायक सापडला, मग ब्रिटनचा पॉप ग्रुप नावाचा बँड, त्यांच्याकडून फंक. म्हणजे पंक त्यांच्यासाठी चाल नव्हतीच, परवानगी होती. काहीही वाजवायची परवानगी. पुढे गंमत अशी झाली की त्याच पंकचा गणवेश तयार झाला, सगळे एकाच वेगात एकाच आवाजात, आणि त्यात हे तिघं विजोड दिसायला लागले.

निळी_शाई

नाव मिनिटमेन म्हणजे मिनिटभराची गाणी म्हणून ना?

जुनी_टेप

सगळ्यांना तसंच वाटतं पण नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात हाकेसरशी बंदूक घेऊन उभे राहणारे शेतकरी-सैनिक होते त्यांना मिनिटमेन म्हणत, आणि १९६०च्या दशकात एका कडव्या उजव्या गटाने तेच नाव घेतलं होतं, त्याची टिंगल करायला हे नाव. शिवाय वॉट सांगतो की त्याच स्पेलिंगचा दुसरा उच्चार केला, मायन्यूट, की अर्थ होतो किरकोळ, क्षुल्लक. क्षुल्लक माणसं. मला हा अर्थ जास्त आवडतो.

खर्जातला

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नावर येतो, कारण मी स्वतः बेस वाजवतो आणि आमचाही तिघांचा बँड आहे (नाव विचारू नका, दर सहा महिन्यांनी बदलतं).

माणसं कमी म्हणून कडबोळं होत नाही हे अर्धंच बरोबर आहे. तिघांतसुद्धा चिखल होतो, आम्ही करून दाखवलाय. खरी गोम डी. बूनच्या अँपमध्ये (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) आहे. रिदम गिटार म्हटलं की बहुतेक गिटारवाले आवाज जाड करतात, खालचे सूर वाढवतात, डिस्टॉर्शन लावतात, म्हणजे मग बेस आणि गिटार एकाच खोलीत कोंबलेले दोन म्हशी. बूनने काय केलं, खालचं सगळं काढून टाकलं. टेलिकास्टर गिटार, ट्रेबल म्हणजे वरचे सूर चढवलेले, खर्ज जवळजवळ नाहीच, आवाज पत्र्यासारखा पातळ आणि टोकदार. एकटी गिटार ऐकाल तर कानाला बोचेल. पण त्याच्या खाली एवढी मोठी जागा रिकामी झाली की वॉटचा बेस तिथे आरामात फिरतो, कॉर्ड वाजवतो, चाल वाजवतो, मधेच बडबड करतो. आणि हर्लीचे टॉम (सेटमधले खोल आवाजाचे ड्रम) स्वच्छ ऐकू येतात.

आणि हे अपघाताने झालेलं नाही, वॉट मुलाखतींमधून हे वर्षानुवर्षं सांगत आलाय. जुन्या सोल-आर अँड बी बँडमध्ये गिटार बारीक आणि बेस-ड्रम पुढे असत, ते बूनला आवडायचं, आणि त्यात त्याचं राजकारणही होतं. गिटारवाला राजा आणि बाकीचे भालदार-चोपदार हे त्याला मान्य नव्हतं. भाषणं बरेच बँड देतात हो, पण स्वतःच्या अँपचं बटण स्वतःच्याच विरुद्ध फिरवणारा गिटारवाला मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

अर्धा_ताल

"एकाच खोलीत कोंबलेले दोन म्हशी" 😄 दोन म्हशी कोंबलेल्या असतात रे, कोंबलेले नाही.

बाकी +१. हर्लीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो. तो सरळ ठेका फार कमी वेळा धरतो. स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा मुख्य ड्रम, जिथे अपेक्षित असतो तिथे टाकतच नाही, हाय-हॅटवर (पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांवर) बारीक काम चालू असतं आणि सगळं अडखळतंय असं वाटता वाटता तिघं एकदम समेवर येऊन पडतात आणि तिथेच गाणं संपतं. ते एकत्र थांबणं जे आहे ना, ते तालमीशिवाय होत नाही. कच्ची वही म्हणणाऱ्यांनी एकदा फक्त शेवटच ऐकावेत. दोन चेंडूंत बाद झालेला बॅट्समन आणि दोन चेंडूंत सामना जिंकवणारा, दोघांचेही चेंडू दोनच.

फुकटचा_समीक्षक

बरं, अँपचं बटण पटलं, ते मला माहीत नव्हतं. पुन्हा ऐकीन. पण मग सुरुवात कुठून करू? आणि कृपया ४५ गाण्यांचा डबल अल्बम ऐका असं सांगू नका.

रिकामी_जागा

४५ गाण्यांचा डबल अल्बम ऐका.

जुनी_टेप

😂 खरंच तोच ऐका पण सलग नको, एकेक बाजू. त्याची गोष्ट सांगतो म्हणजे ऐकायला मजा येईल.

१९८३च्या शेवटी यांचा एक साधा अल्बम जवळजवळ रेकॉर्ड झाला होता. त्याच सुमारास मिनेसोटाचा हुस्कर डू (तेही तिघंच, बॉब मोल्ड, ग्रँट हार्ट, ग्रेग नॉर्टन) कॅलिफोर्नियात येऊन डबल अल्बम रेकॉर्ड करून गेला. दोघांचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, एकच, एसएसटी. हे ऐकल्यावर आपले तिघं म्हणाले ते डबल करतात तर आपणही करू, आणि पुन्हा बसून तेवढीच नवी गाणी लिहिली. जुलै १९८४मध्ये दोन्ही रेकॉर्डी आल्या. कुणी कुणाला शिव्या दिल्या नाहीत, चुरस मात्र होती.

एवढी गाणी लावायची कशी? पिंक फ्लॉइडच्या एका जुन्या रेकॉर्डवर प्रत्येक मेंबरला वेगळा हिस्सा दिलेला होता, ती कल्पना उचलली. तिघांना एकेक बाजू, काड्या ओढून नंबर लावले आणि पाळीपाळीने गाणी निवडली. कुणालाच नको असलेली उरली ती चौथ्या बाजूला, आणि त्या बाजूचं नावच ठेवलं भुसा. स्वतःच्या रेकॉर्डवर छापून! प्रत्येकाची बाजू सुरू होते ती त्याच्या त्याच्या गाडीच्या इंजिनाच्या आवाजाने.

सगळा खर्च ११०० डॉलरच्या आसपास, मिक्सिंग एका रात्रीत.

निळी_शाई

माझ्याकडे सीडी आहे, त्यावर ४३च निघतात?

जुनी_टेप

बरोबर, सगळं एका सीडीवर मावेना म्हणून गाळली. ४५ एलपीवर.

निळी_शाई

धन्स. म्हणजे भुशातूनही भुसा काढला.

रिकामी_जागा

वा, क्या बात. जुनी टेप, तुम्ही स्वतंत्र लेखच टाका खरं तर.

खर्चाचा विषय निघालाय तर बोलतो, कारण स्वतंत्र बँड म्हणजे काय हे मला यांच्यामुळे जरा कळलं. आपण इंडी हा शब्द हल्ली एक प्रकारच्या आवाजासाठी वापरतो, उदास मुलगा आणि गिटार. यांच्यासाठी तो हिशेबाचा मामला होता. त्यांचा स्वतःचा शब्द होता इकॉनो, फोर्डची इकॉनोलाइन व्हॅन असते त्यावरून, म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरणे पण अभिमानाने. स्टुडिओ मध्यरात्रीनंतर घ्यायचा कारण भाडं कमी, टेप आधी वापरलेली घ्यायची, गाणी ज्या क्रमाने रेकॉर्डवर यायची त्याच क्रमाने वाजवायची म्हणजे नंतर कापाकापीचा खर्च नको. सामान स्वतः उचलायचं, गाडी स्वतः चालवायची. आणि वॉटचं एक फार भारी वर्गीकरण आहे, की जगात दोनच गोष्टी असतात, गिग आणि फ्लायर. म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्रम सोडला तर बाकी सगळं, अगदी रेकॉर्डसुद्धा, लोकांनी कार्यक्रमाला यावं म्हणून वाटलेलं पत्रक. आज स्ट्रीमिंगच्या जमान्यात लोक हाच सिद्धांत नव्याने शोधल्यासारखा सांगत असतात.

आणि मला वाटतं संगीताचं वैविध्यही यातूनच आलं. कुणाचे पैसे अडकलेले नाहीत म्हटल्यावर हे खपेल का विचारायला कोण येणार? फंक वाजवा, कंट्री वाजवा, स्टीली डॅनचं गाणं वाजवा (वाजवलंय!), तोटा झाला तर तिघांचा आणि तोही छोटासा.

बोरूबहाद्दर

इथे थोडा असहमत. स्वस्तात केलं की वैविध्य आपोआप येतं असं असतं तर त्या काळातले शेकडो स्वस्त बँड एकसारखे का वाजत होते? पैसे कमी हे कारण नाही, ती सोय आहे. मूळ कारण मैत्री. बून आणि वॉट तेरा-चौदा वर्षांचे असताना भेटले, पार्कमध्ये बूनने झाडावरून वॉटच्या अंगावर उडी मारली, त्याला वाटलं खाली आपला मित्र आहे आणि निघाला भलताच. मग त्यांना बँड काढायला बूनच्या आईने सांगितलं, पोरं घरात राहतील, बाहेर उंडारणार नाहीत म्हणून, आणि तू बेस वाजव असंही वॉटला तिनेच सांगितलं. वॉटला बेस म्हणजे नक्की काय हेही माहीत नव्हतं, चार तारांची गिटार समजून बसला होता, सूर खाली असतात हेसुद्धा नंतर कळलं. असा माणूस बेसवर चाली वाजवणार नाही तर काय करणार, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की बेसवाल्याने मागे उभं राहायचं असतं.

खर्जातला

@बोरूबहाद्दर हे वाचून मला माझे क्लासचे पैसे परत मागावेसे वाटतायत.

वाचनमात्र

पहिलाच प्रतिसाद, खूप दिवस नुसती वाचतेय. मिनिटमेन मी ऐकलेलं नाही पण तिघांचा बँड म्हटल्यावर मला आधी मॉर्फीन आठवला. बॉस्टनचा. यांच्याकडे तर गिटारच नाही! मार्क सँडमन दोनच तारांचा बेस स्लाइडने वाजवायचा, डेना कॉली बॅरिटोन सॅक्सोफोन, आणि ड्रम्स. खर्जातला यांचा नियम इथे उलटा होतो ना, कारण इथे तिघंही खालीच बसलेत, वर कुणीच नाही, आणि तरी चिखल होत नाही. ब्लूज आहे, जाझ आहे, थोडं बीट कवींसारखं (१९५०च्या दशकातले बंडखोर अमेरिकन कवी) पुटपुटणं आहे. ते स्वतः त्याला लो रॉक म्हणायचे. रात्री दिवे घालवून ऐका.

सँडमन १९९९च्या जुलैत इटलीत रोमजवळ स्टेजवरच कोसळला, हार्ट अटॅक, ४६ वय. बँड तिथेच संपला.

खर्जातला

स्वागत आहे, आणि फारच बिनतोड मुद्दा. विचार करून सांगतो: तिथे बेस आणि सॅक्स एकाच उंचीवर आहेत पण पोत वेगळा आहे. स्लाइडमुळे बेसचा सूर घसरत जातो, कडा नाही त्याला, आणि सॅक्सला श्वास आहे, तो मधे मधे थांबतोच, थांबावंच लागतं. माणूस फुंकतोय शेवटी. म्हणजे उंची वाटून न घेता वेळ वाटून घेतलाय. माझा नियम दुरुस्त करतो: काहीतरी वाटून घ्यावं लागतं, काय ते बँडने ठरवावं.

फुकटचा_समीक्षक

आता मीही एक सांगतो मग, नाहीतर म्हणाल नुसत्या खोड्या काढतो. क्रुआंगबिन. टेक्सासमधल्या ह्यूस्टनचे, नाव थाई भाषेतलं, अर्थ विमान. मार्क स्पीअरची गिटार, लॉरा ली बेस, डीजे जॉन्सन ड्रम्स. १९६०-७०च्या दशकातलं थाई संगीत, इराणी पॉप, जमैकन डब, सोल, सगळं आहे, आणि गाणं बहुतेक वेळा नाहीच, नुसतं वाजवणं. मार्क आणि डीजे एका चर्चच्या गॉस्पेल बँडमध्ये वाजवताना भेटले. रेकॉर्डिंग गावाकडच्या एका धान्याच्या कोठारात, म्हणजे इकॉनोवाल्यांनाही आवडेल. सगळं कसं हवेशीर. तुमची रिकामी जागा इथे भरपूर आहे.

अर्धा_ताल

क्रुआंगबिन मला छान वाटतं पण चाळीस मिनिटांनी मी भांडी घासत असतो आणि रेकॉर्ड कधी संपली ते कळलेलं नसतं. जगभरचं संगीत आलंय पण सगळं एकाच इस्त्रीखालून काढल्यासारखं गुळगुळीत. मिनिटमेनमध्ये शिवण दिसते, इथे फंकचं ठिगळ, इथे कंट्रीचं. मला शिवण दिसलेली आवडते.

फुकटचा_समीक्षक

इस्त्री करायलाही हात लागतो. जॉन्सनचा ठेका ऐका एकदा, गाणंभर जवळजवळ तेच, भराव (मधल्या जागी वाजवायचे जादा तुकडे) नाहीच म्हणा ना, आणि तरी पुढे चाललेलं असतं. इतकं कमी वाजवायची हिंमत तुमच्यात आहे का हो ताल महाशय? 😏

अर्धा_ताल

नाही 😐

निळी_शाई

अवांतर: बाकीचे बँड ही रिकामी जागा भरायलाच धडपडतात ना? रशचा गेडी ली बेस वाजवत गात असायचा आणि पायाने सिंथेसायझरची पेडल्स दाबायचा. मोटरहेडमध्ये लेमी बेसवर कॉर्ड ठोकायचा गिटारसारखे. म्हणजे तिघांत पाच जणांचा आवाज काढायचा. पोलीस नावाच्या बँडमध्ये मात्र गिटारवाला अँडी समर्स उलटं करतो, उघडे उघडे कॉर्ड आणि एको, खाली ड्रमर कोपलंडचा रेगे. ते पण तीनच. मला वाटतं तिघांच्या बँडच्या दोन जाती आहेत, जागा भरणारे आणि जागा सोडणारे.

रिकामी_जागा

निळी शाई, हे मूळ धाग्यातच टाकायला हवं होतं मी. माझ्या आयडीचं नाव सार्थ केलंत.

वाचनमात्र

मिनिटमेनची चौथी बाजू ऐकली, मुद्दाम भुशापासून सुरुवात केली. भुसा असा असेल तर धान्य काय असेल. पण १९८५ला का संपलं?

जुनी_टेप

२२ डिसेंबर १९८५. बूनला ताप होता म्हणून तो व्हॅनमध्ये मागे झोपला होता, ॲरिझोनाच्या हायवेवर गाडीचा ॲक्सल तुटला. २७ वर्षांचा होता. त्याच महिन्यात आर.ई.एम. या अमेरिकन बँडसोबतचा दौरा संपवून आले होते.

शेवटच्या स्टुडिओ रेकॉर्डीत त्यांनी मतपत्रिका घातल्या होत्या, की पुढच्या लाइव्ह अल्बममध्ये कुठली गाणी हवीत ते लोकांनी कळवावं. बून गेल्यावर मतं येऊन पडली होती. १९८७मध्ये त्या निकालावरून अल्बम काढला.

वॉटने बेस ठेवूनच दिला होता. ओहायोचा एड क्रॉफर्ड नावाचा पोरगा, यांचा निस्सीम चाहता, हे लोक गिटारवाला शोधतायत अशी अफवा ऐकून थेट सॅन पेड्रोला येऊन धडकला. कुणी कुणाला शोधत नव्हतं. त्यातून फायरहोज निघाला, परत तिघंच. आणि त्यानंतरची आपली प्रत्येक रेकॉर्ड वॉट बूनला अर्पण करत आलाय.

बोरूबहाद्दर

काही बोलत नाही.

खर्जातला

दोन दिवसांनी धागा वर काढतोय, माफी. काल तालमीला गिटारवाल्याच्या अँपचा बेस शून्यावर आणला. आधी रुसला, म्हणाला माझा आवाज मच्छरासारखा येतोय, मग तिसऱ्या गाण्यापासून हळूहळू हातच बदलला त्याचा, जाड कॉर्ड सोडून बारीक बारीक काहीतरी तोडत बसला आणि पहिल्यांदाच मला ड्रमरचं उजवं पाऊल नीट ऐकू आलं. अर्धा तास असं वाजवलं जसं कधीच वाजलेलं नाही.

एकच अडचण आहे, आता माझ्या चुका सगळ्यांना ऐकू येतात.

अर्धा_ताल

ड्रमर तुझ्या शेजारीच बसतो मित्रा. आम्हाला आधीपासून येत होत्या.